शिकाऊ पोराची मजुरी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांनी पहाडगंजात आयुष्यभर मुलं शिकवली. इथून हाकेच्या अंतरावर नूतन मराठी शाळा आहे. दिल्लीत कारकुनी करायला आलेल्या, छापखान्यात, तारघरात, मंत्रालयात नोकरी धरलेल्या मराठी माणसांची पोरं या वस्तीतल्या शाळेत शिकली आणि मोठी झाली. शिकणारं पोर हा गुरुजींच्या जिव्हाळ्याचा विषय होता. मीही आज शिकणाऱ्या पोराबद्दलच बोलणार आहे. फक्त माझं पोर शाळेत नाही. ते कामावर आहे.

माझा मुक्काम इथे जवळच, आराकशां रोडच्या एका गल्लीतल्या लहानशा हॉटेलात आहे. काल पहाटे सहाला एका मुलानं चहा आणून दिला. रात्री दहाला खाली उतरलो, तेव्हा तोच मुलगा खांद्यावर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन जिना चढत होता. मधल्या वेळात दुपारी त्याला थोडी विश्रांती मिळते, पण ती वजा करूनही बारा तास भरतात. वय विचारलं. आधी एकोणीस म्हणाला, मग सतरा. गाव बिहारमध्ये. पगार दहा हजार, जेवण मालकाकडं, झोपायचं गच्चीवरच्या पत्र्याखाली. खिशात एक लहान वही होती. तिच्यात एका बाजूला घेतलेली उचल, दुसऱ्या बाजूला नागे. महिन्याचे तीस दिवस लिहिलेले होते. रविवार कुठंच वेगळा काढलेला नव्हता.

मालक भला माणूस वाटला. पगाराचा विषय काढल्यावर म्हणाला, "अभी सीख रहा है."

मी त्या मुलाला पलंगावर चादर घालताना पाहिलं. एकाच झटक्यात ती सगळ्या पलंगावर पसरली, चारी कोपरे घडी घालून गादीखाली गेले, तळहातानं एकदा मधून निपटलं, की एक सुरकुती राहिली नाही. उशीचा अभ्रा त्यानं उलटा हातात घालून उशी आतून ओढली. झाडणं, पुसणं, न्हाणीघर, साबण, टॉवेल धरून सगळी खोली पंधरा मिनिटांच्या आत तयार. मित्रहो, या मुलाचं अजून काय शिकायचं राहिलं आहे? आणि राहिलं असेल, तर ते त्याला कोण शिकवतं आहे?

आता हिशेब करू. दिल्ली सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून अकुशल कामगाराला महिना १८,४५६ रुपये असा किमान दर ठरवला. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला ७१० रुपयांच्या आसपास, आणि आठ तासांनी भागलं तर तासाला जवळजवळ ८९ रुपये. या मुलाचे दहा हजार तीस दिवस आणि बारा तासांनी भागा. तासाला २८ रुपयेसुद्धा पुरते होत नाहीत. जादा कामाला दुप्पट दर असतो. म्हणजे कामाच्या २६ दिवसांत रोज चार तास जादा राबणाऱ्या मोठ्या माणसाला कायद्यानं आणखी एक पूर्ण पगार मिळायला हवा. आणि सतरा वर्षांच्या मुलाचं तर काय? दिल्लीचा दुकानं आणि आस्थापनांसंबंधीचा १९५४ चा कायदा सांगतो की अठराच्या आतल्या मुलाला दिवसाला सहा तासांवर राबवायचंच नाही. तरी पहाडगंजाच्या गल्ल्यांतून तो रोज बारा तास राबतो. 'शिकतोय' या एका शब्दानं ते सगळं झाकलं जातं.

मला आज याच शब्दाचा पाठलाग करायचा आहे.

पण आधी एक मुळातला प्रश्न. मजुरी किती असावी, हे ठरवायचं कशावरून? मालकाला परवडेल तेवढी? बाजारात माणूस जितक्याला मिळेल तितकी? की माणसाला जगायला लागेल तितकी?

या प्रश्नाचं उत्तर आपल्या देशात द्यायला सुरुवात झाली ती याच दिल्लीत, आणि ती करणारा माणूस आपला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ११ एप्रिल १९४६ रोजी त्यांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचं विधेयक मांडलं. पुढं ते खात्यातून बाहेर पडले, देश स्वतंत्र झाला, आणि १९४८ साली जगजीवनराम मजूरमंत्री असताना तो कायदा झाला. बाबासाहेबांना आपण घटनेसाठी आठवतो, आणि आठवायलाच हवं. पण कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणण्याच्या आणि मजुरीला खालून टेका देण्याच्या कामातही त्यांचा हात होता. मुंबईच्या चाळीत गिरणी कामगारांच्या शेजारात ज्याचं तारुण्य गेलं, त्याला मजुरीचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

दुसरा माणूसही आपलाच. साताऱ्यात जन्मलेले न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर. १९६१ साली केरळातल्या कौलं बनवणाऱ्या कारखानदारांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. त्यांचं म्हणणं, सरकारनं दर ठरवताना आमची ऐपत पाहिली नाही. निकाल गजेंद्रगडकरांनी लिहिला. किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत पाहायची नसते, हे त्यांनी स्पष्ट केलं. वाजवी वेतनाचा, म्हणजे किमानाच्या वरच्या पायरीचा विचार करताना धंद्याची ऐपत जरूर पाहा. पण जो धंदा तळाची मजुरीही देऊ शकत नाही, त्याला चालू राहण्याचा हक्क सांगता येत नाही. वाणसामानाचं बिल थकवून खानावळ चालवू द्या, असं कुणी म्हणत नाही. मग मजुरी थकवून का चालवू द्यायची? हेच गजेंद्रगडकर पुढं सरन्यायाधीश झाले आणि पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षही झाले.

तर मजुरी ठरते ती गरजेवरून. पण गरज कुणाची? इथं १९५७ साल फार महत्त्वाचं आहे. त्या वर्षी भारतीय श्रम परिषदेच्या पंधराव्या बैठकीत सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी बसून गरजेचं मोजमाप ठरवलं. कमावता माणूस एक. त्याच्यावर अवलंबून असलेलं कुटुंब धरून खाणारे तीन 'एकक': पुरुष एक, बाई ०.८, दोन मुलं प्रत्येकी ०.६. दर एककाला २,७०० उष्मांक. कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. घरभाडं. वर इंधन, दिवाबत्ती आणि किरकोळ खर्चाला वीस टक्के. बाईची भूक ०.८ कुणी मोजली, कशावरून मोजली, हे मला आजही उमगत नाही. ज्या बाईनं सगळ्यांना वाढून शेवटी बसायचं, तिची भूक कागदावरही कमीच धरली.

आणखी चौतीस वर्षांनी, रेप्टाकोस ब्रेट या कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं त्यात भर घातली. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, करमणूक, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी एकूण किमान मजुरीच्या पंचवीस टक्के धरा, असं न्यायालयानं सांगितलं. माणूस नुसता खातो-नेसतो असं नाही, त्याला दिवाळीही करायची असते, पोरीचं लग्नही करायचं असतं, हे मजुरीच्या हिशेबात आलं ते तेव्हा.

पण १९५७ च्या ठरावात आणखी एक ओळ आहे. ती कुणी फारशी सांगत नाही, आणि माझं आजचं सगळं बोलणं त्या ओळीसाठी आहे. कुटुंबाची गरज मोजताना बायका, मुलं आणि किशोर यांची कमाई धरायची नाही, असं त्या ठरावात आहे.

थोडं थांबून हिचा अर्थ पाहू. एका माणसाच्या मजुरीत घर चाललं पाहिजे. इतकं चाललं पाहिजे, की सतरा वर्षांच्या पोराला दिल्लीला जाऊन चादरी वाहाव्या लागू नयेत. ते पोर कामाला गेलंच, तर त्याची कमाई ही बापाच्या अपुऱ्या मजुरीवरचं ठिगळ ठरता कामा नये. बापाला जे मिळायला हवं होतं ते मिळत नाही, म्हणून पोर निघतं. आणि पोर निघालं, की त्याला अर्ध्या दरात ठेवलं जातं, कारण ते 'शिकतंय'. बापाला कमी, म्हणून पोर कामाला. पोर स्वस्त, म्हणून बापाला काम नाही. हे चक्र फिरत राहतं, आणि त्याच्या दोन्ही टोकांना मजुरी कापली जाते.

आता कुणी विचारेल, आणि विचारावंच: लहान वयाच्या कामगाराला कमी दर देण्यात चूक काय? विलायतेतही तसं आहे की. खरं आहे. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९९९ पासून राष्ट्रीय किमान वेतन सुरू झालं, तेव्हा मोठ्यांना तासाला ३.६० पौंड आणि १८ ते २१ वयाच्या मुलांना ३ पौंड दर होता. आजही तिथं वयाच्या पायऱ्या आहेत. एप्रिल २०२५ मध्ये २१ आणि त्यावरच्यांना १२.२१ पौंड, १८ ते २० ला १० पौंड, आणि १६-१७ वयाच्यांना व शिकाऊंना ७.५५ पौंड असे दर ठरले होते. त्यामागं दोन कारणं सांगतात. एक, दर चढा असेल तर मालक पोरांना कामावर घेणार नाहीत. दुसरं, पोरं शाळा सोडून पैशाच्या मागं लागतील.

ही कारणं मी हसण्यावारी नेत नाही. पहिल्या कामाची संधी मिळणं अवघड असतं, हे खेड्यातून आलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण तिथली सोळा वर्षांची मुलगी शनिवारी दुकानात उभी राहते आणि सोमवारी शाळेत जाते. तिच्या मजुरीवर घरचं पीठ येत नाही. आमच्या गच्चीवरच्या मुलाच्या दहा हजारांतले बहुतेक गावी जातात. तिथं आई आहे, धाकटी भावंडं आहेत. १९५७ च्या हिशेबातला 'कमावता' आज तोच आहे. त्याच्या कमाईवर जेवणारे बाकीचे एकक बिहारात बसले आहेत. त्याचं वय कमी आहे, पण त्याच्यावरचं ओझं कमी नाही.

आपल्या १९४८ च्या कायद्यानंही वयावरून दर वेगळे ठेवायला मुभा दिली होती. प्रौढ, किशोर, बालक आणि शिकाऊ असे चार वर्ग त्यात होते. हो, बालकसुद्धा. मग काळ बदलला. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदाच्या आतल्या मुलांना घरकामाला, ढाब्यावर, हॉटेलात ठेवायला बंदी आली. २०१६ च्या दुरुस्तीनं चौदाच्या आतल्यांचं काम जवळपास सर्वत्र बंद झालं आणि अठरापर्यंतच्यांना धोक्याची कामं बंद झाली. आणि २०१९ ची वेतन संहिता, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिनं दर ठरवण्याच्या निकषांतून वय काढूनच टाकलं. कौशल्य आणि ठिकाण पाहा, काम किती जिकिरीचं ते पाहा. वय पाहू नका. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. एक खोली झाडली तर ती झाडली. झाडणाऱ्याचं वय सतरा की सदतीस, यानं खोली कमी स्वच्छ होत नाही.

मग दार बंद झालं का? नाही. वयाचं दार लागलं, शिकाऊचं उघडं राहिलं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा म्हणतो, शिकाऊ हा शिकणारा आहे, कामगार नाही. त्याला मजुरी नाही, विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या दरांनुसार ते शिक्षणाप्रमाणे महिना ५,००० ते ९,००० रुपयांपर्यंत होतं. कायद्यातल्या शिकाऊचा करार असतो, नोंद असते, मुदत असते, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र असतं. तिथं खरोखर काही शिकवलं जात असेल, तर माझी तक्रार नाही. पण आराकशां रोडच्या हॉटेलातल्या मुलाचा करार कुठं आहे? मुदत कुठं आहे? कायद्यातला शब्द उचलायचा, आणि त्याच्याबरोबरच्या अटी तिथंच सोडून द्यायच्या?

आता मी जरा घरचं बोलतो. सभागृहात खानापूर-आटपाडीकडची, विट्याकडची काही मंडळी बसली आहेत. करोलबाग, चांदणी चौकातले गलाईवाले. सांगली जिल्ह्याच्या त्या दुष्काळी पट्ट्यातून आपली माणसं सोनंचांदी गाळायची भट्टी घेऊन देशभर गेली. जिथं सराफ बाजार, तिथं आपला गलाईवाला. पाऊस नसलेल्या गावात त्या पैशानं घरं उभी राहिली, शाळा, देवळं झाली. मला या लोकांचा अभिमान आहे, कारण मीही त्याच मातीतला आहे.

आणि म्हणून सांगतो. माझा आतेभाऊ दहावीला बसला, नापास झाला, आणि ओळखीनं परमुलखातल्या एका गलाईच्या दुकानात लागला. सोळा वर्षांचा होता. चार वर्षांनी गावी आला तेव्हा त्याच्या बोटांची टोकं पिवळी पडली होती. तेजाबानं कातडी अशी पिवळी होते, धुवून जात नाही, नवी कातडी येईपर्यंत तशीच राहते. मूस भट्टीतून काढताना भाजल्याचा डाग डाव्या मनगटावर होता. तो सोन्याचा कस नुसत्या डोळ्यानं सांगायचा. चार वर्षं पहाटे भट्टी पेटवायची, दिवसभर गाळायचं, रात्री दुकान झाडून धूळसुद्धा डब्यात भरायची, कारण त्या धुळीत सोनं असतं. मी त्याला विचारलं, तुला पगार किती? त्याला माहीत नव्हतं. वर्षाच्या शेवटी शेठ त्याच्या वडिलांच्या हातात काही रक्कम ठेवत. किती, ते त्यानं विचारलं नव्हतं. शेठ नात्यातले. घरचंच पोर म्हणून ठेवलेलं. विचारायचं कसं?

त्या शेठनी त्याला उपाशी ठेवलं नाही, मारलं नाही, आजारी पडला तर दवाखान्यात नेलं. पुढं दुकान टाकायलाही थोडी मदत केली. हे मी लपवत नाही. आपल्यात शिकणं असंच होत आलं, आणि त्यातून माणसं उभी राहिली हेही खरं. पण दुकान झाडल्यावर धुळीतलं सोनं गुंजभरसुद्धा वाया जाऊ न देणाऱ्या माणसाला पोराच्या चार वर्षांचा हिशेब ठेवता येत नव्हता, हे मी मानायला तयार नाही. पहिले सहा महिने तो शिकत होता. बरं, वर्ष धरा. उरलेली तीन वर्षं तो शेठचं दुकान चालवत होता.

म्हणून माझं मत असं आहे. शिकण्याला तारीख हवी. कधी सुरू झालं, कधी संपणार, काय शिकवणार, हे कागदावर हवं. त्या तारखेनंतर पूर्ण दर. आणि तारीखच नसेल, तर पहिल्या दिवसापासून पूर्ण दर. खाणं-राहणं दिलं म्हणून मजुरी अर्धी होत नाही. मजुरी पैशांत द्यायची, हा १९४८ च्या कायद्यातही दंडक होता.

दर ठरला तरी तो हातात पडतो का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचं उत्तर याच शहरात मिळालं होतं. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत मैदानं, उड्डाणपूल, खेळाडूंची वसाहत उभी राहत होती. राजस्थान, उत्तर प्रदेश, ओरिसाहून माणसं आणली होती. तेव्हाची किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ती जमादाराच्या हातात द्यायचा, जमादार माणशी एक रुपया ठेवून घ्यायचा आणि सव्वाआठ रुपये वाटायचा. एका नागरी हक्क संघटनेनं सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांना पत्र लिहिलं आणि त्या पत्राचाच खटला झाला. न्यायालयानं सांगितलं, किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, आणि घटनेच्या तेविसाव्या कलमानं ती बंद आहे. माणूस आपल्या पायानं आला, तरीही. भूक हीसुद्धा बळजबरीच आहे. बांधकाम हे धोक्याचं काम आहे, तिथं चौदाच्या आतलं पोर चालणार नाही, हेही त्याच निकालात आहे.

एका रुपयाला सर्वोच्च न्यायालयानं वेठबिगारी म्हटलं. माझ्या हॉटेलातल्या मुलाच्या पगारात महिन्याला आठ हजारांहून जास्त कमी आहेत, आणि जादा तास मी अजून धरलेलेच नाहीत.

इतर गोष्टी भराभर सांगतो. केंद्राचा तळाचा राष्ट्रीय दर २०१७ पासून दिवसाला १७६ रुपये होता. २०१९ मध्ये सरकारच्याच तज्ज्ञ समितीनं तो ३७५ असावा असं सुचवलं, आणि त्याच वर्षी वाढ झाली ती दोन रुपयांची. दिल्लीनं २०१७ मध्ये दर मोठा वाढवला, तर ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं तो रद्द केला, आणि नवे दर लागू व्हायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. यमुना ओलांडली, की नोएडात २०२५ मध्ये अकुशल कामगाराचा दर अकरा हजारांच्या आसपास होता. मेट्रो तीच, भाजीचा भाव जवळपास तोच. आणि १९४८ च्या मूळ केंद्रीय कायद्यात मजुरी बुडवण्याबद्दलचा दंड होता जास्तीत जास्त पाचशे रुपये. इतक्या स्वस्तात कायदा मोडता येत होता, तर तो कोण पाळणार होता?

सरकारकडं मागायचं ते मागूच. निरीक्षक वाढवा, दर सहा महिन्यांनी मजुरी महागाईप्रमाणे वाढवा, दिल्ली आणि शेजारच्या जिल्ह्यांचा तळ एकमेकांजवळ आणा. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी अनेकांच्या दुकानात, कार्यालयात, घरात कुणीतरी पोर कामाला आहे. तुमच्या हातात निरीक्षकाच्या आधीची गोष्ट आहे.

उद्या सकाळी दुकान उघडाल तेव्हा एक वही काढा. त्यात त्या मुलाचं नाव, जन्मतारीख, कामाला लागल्याचा दिवस आणि महिन्याचा पगार लिहा. शेजारी सरकारचा आजचा किमान दर लिहा. वजाबाकी करा. चौदाच्या आतलं असेल तर कामावरून काढून शाळेत घाला, आणि त्याच्या बापाला किंवा आईला त्या जागी पूर्ण पगारावर ठेवा. चौदा ते अठराचं असेल, तर पुढच्या महिन्याच्या पगारापासून फरक भरून काढायला सुरुवात करा, आणि ती रक्कम वडिलांच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या खात्यात भरा. पगार किती आहे, ते त्याला तोंडानं सांगा.